कारणाचा रकाना

माझा अण्णामामा दारूबंदी खात्यात होता. सातारा, कऱ्हाड, पाटण, पुन्हा सातारा अशा बदल्या. आधी सायकल, मग राजदूत. मे महिन्यात आजोळी गेलो की रात्री गच्चीवर त्याच्या अंथरुणाभोवती आम्ही पोरं कोंडाळं करायचो, कारण धाडीच्या गोष्टी त्याच्याकडेच होत्या. ओढ्याकाठची हातभट्टी, जमिनीत पुरलेली रसायनाची पिंपं, काळ्या गुळाचा आणि नवसागराचा नाकात बसणारा वास, दारू भरून फुगवलेल्या मोटारीच्या ट्यूबा. गोष्ट रंगात आली की कोणीतरी विचारायचंच, "मामा, पण तो माणूस पळाला का?" मामाचं उत्तर ठरलेलं. "पळाला हे मी पाहिलं. का पळाला ते मला काय ठाऊक? पंचनाम्यात कारणाचा रकाना नसतो."

काय सापडलं, कुठे सापडलं, किती सापडलं. बाटलीच्या तोंडाला दोरा, दोऱ्यावर लाख, लाखेवर शिक्का, चिठ्ठीवर दोन पंचांच्या सह्या. पुढचं कोर्टानं बघायचं. गावात कोणी सांगायला आलं की साहेब, हिची दारू पिऊनच अमक्यानं बायकोचं डोकं फोडलं, तर मामा सगळं ऐकून घ्यायचा, चहा प्यायचा, आणि लिहायचा नाही. लहानपणी मला तो जरा मठ्ठच वाटायचा. एवढी चमचमीत गोष्ट हातात आली असताना माणूस लिटर आणि बाटल्या मोजत बसतो!

हे सगळं आठवलं ते पार अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात. लेक तिथल्या पेन स्टेट विद्यापीठात संशोधन करते. ती दिवसभर प्रयोगशाळेत, मी घरात एकटी. शेवटी तिनंच मला विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा रस्ता दाखवला. तिथल्या दुर्मीळ कागदपत्रांच्या विभागात हॅरी जे. अॅन्सलिंगर या माणसाचे कागद जपून ठेवले आहेत. पिशवी बाहेर ठेवायची, पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल, आणि एका वेळी एकच खोकं. पत्रं, भाषणं, फोटो, आणि कात्रणं, कात्रणं, कात्रणं. दारूबंदीवाल्याची भाची म्हणून मला उत्सुकता होती, एवढंच. कारण अॅन्सलिंगर म्हणजे अमेरिकेचा सगळ्यात मोठा 'खात्याचा माणूस'. फेडरल ब्यूरो ऑफ नार्कोटिक्स हे अंमली पदार्थांचं केंद्रीय खातं १९३० साली निघालं, त्याचा हा पहिला आयुक्त. राष्ट्राध्यक्ष हूवरनं नेमला, तो रूझवेल्ट, ट्रुमन, आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दी ओलांडून केनेडीच्या काळात, १९६२ साली, सत्तरी गाठल्यावर खुर्चीतून उठला. एकाच खुर्चीत बत्तीस वर्षं! आपल्याकडे तीन वर्षांत बदलीची ऑर्डर येते.

त्याचं गाव अल्टूना तिथून मोटारीनं तासाभरावर. रेल्वेचं गाव. डोंगर चढण्यासाठी रूळ जिथे घोड्याच्या नालासारखे वळवले आहेत ते प्रसिद्ध वळण गावालगतच आहे. बाप स्वित्झर्लंडहून आलेला, आणि गावातल्या बहुतेकांसारखंच पोरगंही पेनसिल्व्हेनिया रेल्वेत चिकटलं. पण त्याच्या आयुष्याची गोष्ट तो स्वतः त्याआधीपासून सुरू करतो, बाराव्या वर्षापासून. निवृत्तीच्या तोंडावर लिहिलेल्या आठवणींत ती आहे. शेजारच्या शेतावरच्या घरी गेला असताना वरच्या मजल्यावरून एका बाईच्या किंकाळ्या ऐकू आल्या. तिचा नवरा धावत खाली आला आणि याला घोडागाडी देऊन गावातल्या औषधाच्या दुकानात पिटाळलं. पोरानं घोडे दामटले, पुडी आणली. नवऱ्यानं ती बाईला दिली आणि किंकाळ्या थांबल्या. पुडीत मॉर्फीन होतं. त्या किंकाळ्या मी कधी विसरलो नाही, असं तो लिहितो. आणि बारा वर्षांच्या पोराला दुकानदारानं काही न विचारता मॉर्फीन दिलं, हेही विसरलो नाही, असंही.

या गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबले. तिचा साक्षीदार एकच, तो स्वतः, आणि तोही जवळपास सहा दशकांनंतर. तरी ती खरी धरू. पोरानं ऐकलं काय? किंकाळी. पाहिलं काय? औषध आलं आणि बाई शांत झाली. दोन्ही एकाच दिवशी त्याच्या पदरात पडलं होतं. पुढची सगळी नोकरी त्यानं ऐकलेल्या अर्ध्यावर केली.

नोकरी मात्र झकास केली. रेल्वेत असताना चौकशीच्या कामात हुशारी दाखवली. तिथेच एका इटालियन मजुराला खंडणीखोरांनी गोळ्या घातल्या. त्याच्याकडून 'काळा हात' नावाच्या टोळीबद्दल ऐकल्याचं तो सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस परराष्ट्र खात्यात शिरून हेग, हॅम्बुर्ग, व्हेनेझुएला करत तो बहामा बेटांवर पोचला. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी, आणि बहामातून दारूच्या बोटी सुटत. कोणत्या बोटीत काय भरलं आणि ते कुठे उतरलं याचे दाखले ठेवायला यानं ब्रिटिशांना राजी केलं. मामा असता तर इथे टाळी दिली असती. ही खरी खात्याची अक्कल, बंदुकीपेक्षा वही भारी. त्या कामावरून त्याला कोषागार खात्याच्या दारूबंदी विभागात ओढलं गेलं. कोषागाराचा मंत्री अँड्र्यू मेलन, आणि अॅन्सलिंगरची बायको मेलनच्या नात्यातली. हेही खात्याच्या गोष्टीत असायचंच. त्यातच अंमली पदार्थांच्या आधीच्या मुख्य अधिकाऱ्याच्या नातलगांचे लागेबांधे आर्नल्ड रॉथस्टीन नावाच्या मोठ्या जुगारी-तस्कराशी निघाले. तो गृहस्थ बाजूला झाला, नवं खातं निघालं, आणि अडतीस वर्षांचा अॅन्सलिंगर त्याचा आयुक्त झाला.

हे खातं गृह किंवा न्याय विभागाखाली नसून तिजोरीखाली कसं, हा प्रश्न मला पडला. अमेरिकेत गुन्हेगारी हा मुळात राज्यांचा विषय. केंद्राला एखाद्या गोष्टीवर थेट बंदी घालणं अवघड, पण कर लावणं सोपं. म्हणून १९१४ चा अफू-कोकेनचा कायदा करकायदा म्हणून आला आणि तो राबवणारे अधिकारी करवाले. आपल्याकडेही दारू, ताडी, गांजा, अफू हे सगळं इंग्रजांनी अबकारीतच बसवलं होतं. मामाच्या खात्याच्या पाटीवर 'उत्पादन शुल्क' हा शब्द त्यातूनच आलेला. नशा म्हणजे आधी महसूल, मग पाप.

गांजाकडे अॅन्सलिंगरचं सुरुवातीला लक्षच नव्हतं. अफू आणि हेरॉइन हे त्याचे विषय. गांजा राज्यांनी बघावा असं त्याचं मत. शेतात तणासारखं उगवणाऱ्या झाडामागे तीनशेच्या आसपास माणसं किती धावणार? आणि मग दोन-चार वर्षांत तोच माणूस गांजा हा देशावरचा सगळ्यात मोठा घाला आहे असं गावोगाव सांगू लागला. मंदीत खात्याच्या खर्चाला कात्री लागली होती, १९३३ च्या डिसेंबरात दारूबंदी उठली होती, नैर्ऋत्येकडच्या राज्यांतून मेक्सिकन मजुरांच्या नावानं तक्रारींची पत्रं येत होती. इतकं दिसतं. इतिहासकार त्यातलं एकेक उचलून हेच कारण म्हणतात. मी रकाना कोराच ठेवते.

कात्रणांकडे वळू. गांजा ओढून अमक्यानं तमका खून केला, अशा प्रकरणांची खात्यानं एक फाइलच बांधली होती. त्यातलं पेटंट प्रकरण फ्लॉरिडातल्या टॅम्पा शहरातलं. १९३३ च्या ऑक्टोबरात एका एकवीस वर्षांच्या तरुणानं आई, बाप आणि तीन भावंडांना कुऱ्हाडीनं मारलं. अॅन्सलिंगर ही गोष्ट भाषणांत सांगायचा, आणि १९३७ च्या जुलैत एका मोठ्या मासिकात आलेल्या लेखातही ती ठळकपणे आली. गांजाच्या एका झुरक्यानं शहाण्या पोराचा राक्षस केला, असा तिचा सूर. आता त्यात न आलेली बाजू. त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं म्हणून पोलिसांनी खुनांच्या सुमारे वर्षभर आधीच खटपट केली होती, आणि त्याच्या घराण्यात वेडाचा इतिहास होता. पुढे तो सरकारी मनोरुग्णालयात गेला. तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानात गांजा नाही.

पोरगा गांजा ओढत असेलही. कुऱ्हाड तर खरीच होती. या दोन ओळींच्या मध्ये 'म्हणून' हा शब्द कोणी लिहिला, एवढाच काय तो प्रश्न.

१९३७ च्या एप्रिलमध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीपुढे गांजाच्या कायद्याची सुनावणी झाली. अॅन्सलिंगरनं इराणच्या डोंगरातल्या, हशिश म्हणजे गांजाचीच नशा करणाऱ्या मारेकऱ्यांच्या जुन्या गोष्टीपासून सुरुवात केली आणि मग कात्रणं काढली. गंमत म्हणजे पक्ष्यांना घालायचं बी विकणारे व्यापारीही आले होते, कारण त्यात भांगेचं बी असायचं. त्यांचं ऐकलं गेलं. भाजून उगवणार नाही असं केलेलं बी कायद्यातून वगळलं. डॉक्टरांच्या संघटनेतर्फे आलेल्या डॉ. विल्यम वुडवर्ड यांचं नशीब तेवढं नव्हतं. त्यांनी मामासारखेच कंटाळवाणे प्रश्न विचारले. गांजानं गुन्हे होतात म्हणता, मग तुरुंग खात्यातून कोणी का आलं नाही, किती कैद्यांना हे व्यसन आहे ते सांगायला? शाळकरी मुलं ओढतात म्हणता, मग मुलांचं खातं कुठे आहे? सार्वजनिक आरोग्य खातं कुठे आहे? वर्तमानपत्रांच्या पलीकडे पुरावा कुठे आहे? समितीनं त्यांनाच झापलं. पुढे सभागृहात कोणीतरी विचारलं की हे विधेयक कशाचं. उत्तर आलं, मारिवाना नावाच्या कशाचं तरी आहे, काहीतरी अंमली असावं. डॉक्टरांच्या संघटनेचं काय म्हणणं? शंभर टक्के पाठिंबा, असं ठोकून दिलं गेलं. २ ऑगस्टला रूझवेल्टनं सही केली, १ ऑक्टोबरपासून कायदा लागू. नोंदणी असलेल्याला औंसामागे एक डॉलर कर, नसलेल्याला शंभर. नावाला कर, कामाला बंदी.

(अॅन्सलिंगरच्या नावावर नेटवर काळ्या लोकांविषयी भयंकर वाक्यं फिरतात. त्यातल्या बऱ्याचशांचा मूळ कागद कोणी दाखवलेला नाही, म्हणून ती इथे घेत नाही. त्यांची गरजही नाही. १९३४ साली खात्याच्याच एका पत्रात एका काळ्या खबऱ्याचं वर्णन त्यानं इतक्या हिणकस शब्दांत केलं होतं की त्याच्याच राज्याच्या सिनेटरनं राजीनामा मागितला. खुर्ची हलली नाही.)

त्या आठवड्यात रात्री घरी येऊन मी लॅपटॉपवर दुसरंच वाचत होते. अॅन्सलिंगर दोन वर्षांचा होता तेव्हा हिंदुस्थानात गांजा-भांगेची एक चौकशी पूर्ण झाली, इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनची. १८९३ साली ब्रिटिश संसदेत प्रश्न निघाला की बंगालात गांजानं लोक वेडे होतात म्हणे. सरकारनं मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचं मंडळ नेमलं, त्यात तिघे हिंदी. त्यांनी १,१९३ साक्षीदार तपासले. साक्षींच्या सातव्या खंडात आपला मुंबई इलाखा आणि वऱ्हाड आहे.

त्यात माझं मन अडकलं ते वेड्यांच्या इस्पितळांच्या भागात. तेव्हा आपल्या इलाख्यातही कुलाबा, पुणे, रत्नागिरी अशा ठिकाणी ही इस्पितळं होती. रोगी दाखल व्हायचा तेव्हा त्याच्याबरोबर पोलिसांनी भरलेला एक तक्ता यायचा आणि त्यात 'वेडाचं कारण' असा एक रकाना असायचा. रकाना आहे म्हणजे भरला पाहिजे. रस्त्यात सापडलेल्या, नाव न सांगणाऱ्या माणसाच्या वेडाचं कारण हवालदार काय लिहिणार? कोणी म्हणालं चिलीम ओढायचा, की लिहिलं 'गांजा'. तोच शब्द इस्पितळाच्या वहीत उतरायचा, वहीतून वार्षिक अहवालात, अहवालातून लंडनला. लंडनमध्ये तो आकडा होऊन पोचला. कमिशननं १८९२ सालची दाखल झालेली १,३४४ माणसं घेतली. त्यातल्या २२२ जणांपुढे गांजा-भांग लिहिलेलं होतं. मग त्यांनी जे करायला कोणाला वेळ नव्हता ते केलं. एकेका रोग्याची उलट तपासणी करायला लावली. घरच्यांना विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं. २२२ चे ९८ उरले. त्यातही केवळ गांजाच दिसतो असे ६१. माफक सेवनानं फारसं नुकसान होत नाही, अति केलं तर होतं, सरसकट बंदी नको, असा त्यांचा निष्कर्ष.

मंडळ काही साधुसंतांचं नव्हतं. सरकारला गांजावर कर मिळत होता आणि बंदी घातली तर तो बुडाला असता. तिघांपैकी दोन हिंदी सदस्यांची मतंही वेगळी पडली. तरीही हजारो पानांची ती चौकशी मला आवडली, कारण ती एका हवालदाराच्या हस्ताक्षरापर्यंत मागे जाते. अॅन्सलिंगरच्या सुनावणीला त्रेचाळीस वर्षं उरली असताना हे छापून तयार होतं.

न्यूयॉर्कच्या महापौरानं, ला गार्डियानं, डॉक्टरांकडून आपल्या शहरापुरती अशीच चौकशी करवली, तिचा अहवाल १९४४ साली आला. चौकशीची माणसं हार्लेममधल्या गांजाच्या अड्ड्यांत जाऊन बसली आणि मोठ्या गुन्ह्यांशी संबंध दिसत नाही असं लिहून मोकळी झाली. अॅन्सलिंगरनं अहवाल झोडपला. १९५१ आणि १९५६ चे कायदे आणखी कडक आले, किमान शिक्षांसकट.

बिली हॉलिडेचं प्रकरण पुष्कळांना माहीत असतं. झाडांना लटकवलेल्या काळ्या माणसांवरचं गाणं गाणारी, हेरॉइनच्या आहारी गेलेली गायिका. १९४७ साली तिला तुरुंग झाला. बाहेर आल्यावर न्यूयॉर्कच्या क्लबांत गाण्याचा परवाना गेला. १९४९ साली सॅन फ्रान्सिस्कोत अॅन्सलिंगरच्या जॉर्ज व्हाइट या अधिकाऱ्यानं तिला पुन्हा पकडलं, पण ज्यूरीनं सोडलं. १९५९ च्या जुलैत ती न्यूयॉर्कच्या इस्पितळात वारली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती आणि तिथेच, खाटेवर, तिला शहराच्या पोलिसांनी अटक केलेली होती.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवते, तीही अॅन्सलिंगरनंच सांगितलेली. काँग्रेसमधला एक वजनदार सभासद मॉर्फीनच्या आहारी गेला होता. अॅन्सलिंगर त्याला जाऊन भेटला. तो ऐकेना, बाहेर कळलं तर देशाची अब्रू जाईल, आणि मी तर सोडणार नाही, म्हणाला. मग आयुक्तानं काय केलं? वॉशिंग्टनच्या कडेला एका औषधाच्या दुकानात त्याची सोय लावून दिली, मरेपर्यंत. नाव त्यानं लिहिलं नाही. लोक जोसेफ मॅकार्थीचं घेतात. हा उघड दुटप्पीपणा म्हणून सगळे सांगतात, आणि आहेच तो. पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. बत्तीस वर्षांत जो व्यसनी माणूस त्याच्या समोरच्या खुर्चीत बसला, ज्याच्याशी तो स्वतः बोलला, त्याला त्यानं औषध आणून दिलं. घोडागाडीवरच्या पोरानं दिलं होतं तसं. फाइलीतल्या माणसांना मात्र तुरुंग.

त्याच्या बाजूनंही लिहायला हवं. स्वतः पैसे खाल्ल्याचं त्याच्याबद्दल कोणी म्हणत नाही. एफबीआय या केंद्रीय तपास खात्याचा प्रमुख जे. एडगर हूवर (राष्ट्राध्यक्ष हूवर वेगळा) माफिया नावाची गोष्टच नाही असं सांगत होता, तेव्हा अॅन्सलिंगरचं खातं त्या माणसांची नावं लिहून ठेवत होतं. १४ नोव्हेंबर १९५७ ला न्यूयॉर्क राज्यातल्या अॅपलाचिन गावी माफियातले बडे एकाच घरात सापडले आणि हूवरचा निरुपाय झाला. पण अॅन्सलिंगरचं खातं त्याच्यामागे सहाच वर्षं टिकलं. १९६८ साली न्यूयॉर्क कचेरीतल्या अधिकाऱ्यांच्या लाचखोरीच्या चौकशीत ते पोखरलेलं निघालं आणि दुसऱ्या खात्यात विरघळलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा गांजावरचा करकायदाही उडवला.

दोरा आपल्यापर्यंत येतो तो अंमली पदार्थांवरच्या १९६१ च्या जागतिक करारातून. त्यात भारतानं गांजासाठी पंचवीस वर्षांची मुदत पदरात पाडून घेतली आणि फुलोऱ्याच्या शेंड्याशिवायचं नुसतं पान गांजाच्या व्याख्येबाहेर राहिलं. भांग वाचली ती अशी. तुळशीत भांग म्हणतात, इथे कायद्यातच निघाली. अॅन्सलिंगर १४ नोव्हेंबर १९७५ ला वारला. आपला अंमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा अमलात आला १४ नोव्हेंबर १९८५ ला, बरोबर दहा वर्षांनी. योगायोगच, त्यात कारण शोधू नका.

मामाची तेव्हा निवृत्तीला चार वर्षं उरली होती. नवा कायदा, नवे छापील फॉर्म. त्याची गांजाची पहिली केस पाटणकडची. उसाच्या फडात मधेमधे झाडं लावलेली. शेताची मालकीण एक म्हातारी, मुलगा मुंबईला. हाताखालचा पोरगा नवा होता, उत्साही होता. त्यानं 'विक्रीच्या उद्देशाने' असे शब्द आधीच लिहून ठेवले होते. मामानं विचारलं, "विकताना कोणी पाहिलं?" कोणी नव्हतं पाहिलं. मामानं त्या शब्दांवर रेघ मारून बाजूला सही केली. झाडं मोजली, अकरा. उपटून बांधावर आणली. पोरगा मोळी बांधून तशीच काट्याला लावायला निघाला, तर मामानं त्याला थांबवलं, खाली बसला, आणि एकेक झाड हातात घेऊन मुळांची ओली माती झटकत राहिला. म्हातारी बांधावर उभी राहून बघत होती. सगळी माती झाडून झाल्यावर म्हणाला, "हं, आता कर वजन."